ट्रफल शोधायला गेलेला माणूस आणि मुळांवरची बुरशी

ज्यांचा डेटा संपलाय, किंवा लोकलच्या गर्दीत ज्यांना हेडफोन काढायलाही जागा नाही, त्यांच्यासाठी हा आपल्या या आठवड्याच्या भागाचा लेखी अवतार. बोलताना जे अघळपघळ होतं ते थोडं आवरून घेतलंय, बाकी सगळं तेच आहे.

आजचा विषय आहे बुरशी. बुरशी म्हटलं की आपल्याला काय आठवतं? लोणच्यावर आलेला पांढरा थर, पावसाळ्यात कपाटातल्या चामडी पट्ट्यावर उगवलेली लव. शेती असलेल्या घरात वाढला असाल तर आणखी शब्द आठवतील: भुरी, तांबेरा, मर. म्हणजे एकूण काय, बुरशी हा शत्रू.

आता कुठल्याही तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्रात जा. एका फळीवर बुरशीनाशकाचे डबे. आणि त्याच दुकानात, दुसऱ्या फळीवर, 'मायकोरायझा' लिहिलेलं पाकीट. विचारलंत तर दुकानदार सांगेल, हे मुळाशी टाका, मुळं जोरात वाढतात. ते पाकीट म्हणजेही बुरशीच. एकाच काउंटरवर बुरशी मारायचं औषध आणि बुरशी लावायचं खत! मागच्या महिन्यात एका श्रोत्याने नेमकं हेच विचारलं होतं: "दादा, हे पाकीट खरंच काम करतं का, की नुसतं मार्केटिंग?" याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. त्यासाठी दीडशे वर्षं मागे जावं लागतं. चला तर मग.

दगडफुलापासून सुरुवात

गोडा मसाला करताना आई त्यात एक काळपट, कुरकुरीत, कागदाच्या चुरगळ्यासारखी वस्तू घालते. दगडफूल. नाव फूल असलं तरी ते फूल नाही, आणि पूर्णपणे वनस्पतीही नाही. सायमन श्वेंडेनर नावाच्या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६० च्या दशकाच्या शेवटी सांगितलं, की दगडफूल ज्या गटात येतं ते सगळे जीव मुळात दोन जीव आहेत. एक बुरशी, आणि तिच्या धाग्यांत अडकलेलं शेवाळ. शेवाळ उन्हात अन्न बनवतं, बुरशी ते खाते. त्याच्या मते बुरशी ही मालकीण होती आणि शेवाळ तिचं गुलाम.

दगडफुलांच्या अभ्यासकांना हे अजिबात आवडलं नाही. आयुष्यभर ज्याला एक जीव समजून नावं दिली, वर्गवारी केली, ते दोन जीवांचं मिश्रण आहे म्हणे! पण काही जणांना वेगळाच प्रश्न पडला. दोन जीव असे एकत्र राहतात, तर त्याला म्हणायचं काय? मालक-गुलाम म्हटलं की निकाल आधीच लागला. त्यातलाच एक होता जर्मनीतला आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक. त्याने १८७७ मध्ये एक साधा शब्द सुचवला, ज्याचा अर्थ फक्त 'एकत्र जगणं'. फायदा कोणाचा, तोटा कोणाचा, ते नंतर तपासू. दोन वर्षांनी आंतोन दे बारी या मोठ्या शास्त्रज्ञाने तीच कल्पना 'सिम्बायोसिस' या नावाने प्रसिद्ध केली, आणि तो शब्द रुळला.

मराठीत आपण त्याला 'सहजीवन' म्हणतो. हा शब्द लग्नपत्रिकेतल्यासारखा गोड वाटतो. मूळ शब्दात तो गोडवा नव्हता. दे बारीच्या व्याख्येत परजीवी सुद्धा बसत होते. आंब्यावरचं बांडगूळ हेही 'एकत्र जगणं'च. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सरकारी काम: ट्रफल पिकवा

आता फ्रँकची मुख्य गोष्ट. तो बर्लिनच्या शाही कृषी महाविद्यालयात होता, आणि त्याचा विषय होता झाडांचे रोग. त्यावर त्याचं जाडजूड पुस्तकही होतं. प्रशियाच्या कृषिमंत्र्यांकडून त्याच्याकडे एक काम आलं. ट्रफल म्हणजे जमिनीखाली वाढणारी एक प्रचंड महाग, सुगंधी बुरशी. फ्रान्स-इटलीत तेव्हा डुकरं आणि कुत्री वास काढून ती शोधत. प्रशियाचं म्हणणं होतं, ही आपल्याकडे का पिकवता येऊ नये? बघा जरा.

ट्रफल ठरावीक झाडांच्या मुळांजवळच सापडते, एवढं माहीत होतं. म्हणून फ्रँकने मुळं उकरायला घेतली. ओक, बीच, हेझेल, चेस्टनट. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला विचित्र दृश्य दिसलं. झाडाच्या सगळ्यात बारीक मुळांवर बुरशीचं घट्ट आवरण होतं, हातमोज्यासारखं. मुळाचं टोक मातीला थेट स्पर्शच करत नव्हतं. जे काही आत जाणार ते बुरशीतूनच. आणि हे जिथे ट्रफल कधी उगवलीच नाही, तिथल्या झाडांवरही होतं. वेगवेगळ्या भागांतून मुळं मागवली, तरी तेच.

रोगतज्ज्ञ माणूस हे बघून काय म्हणेल? साथ आलीय! पण फ्रँकला एक गोष्ट खटकली. झाडं ठणठणीत होती. सगळ्या निरोगी झाडांना एकच 'रोग' कसा? १८८५ मध्ये त्याने निबंध लिहिला आणि या बुरशी-मूळ जोडीला नाव दिलं: मायकोरायझा. ग्रीकमध्ये 'मायकेस' म्हणजे बुरशी, 'रायझा' म्हणजे मूळ. त्याचा दावा धाडसी होता. ही बुरशी झाडाला खात नाही, उलट मातीतलं पाणी आणि अन्न झाडापर्यंत पोचवते. त्याने तिला दूध पाजणाऱ्या दाईची उपमा दिली.

हे बघणारा तो पहिला नव्हता, हेही सांगायला हवं. थिओडोर हार्टिग या वनशास्त्रज्ञाने १८४० मध्ये पाइनच्या मुळातल्या पेशींभोवतीची जाळी काढून ठेवली होती. ती बुरशी आहे हे मात्र त्याला कळलं नव्हतं. आणि फ्रँकच्या तीन-चार वर्षं आधी पोलंडच्या फ्रांचिशेक कामिएन्स्कीने मोनोट्रोपा नावाच्या एका फिकट वनस्पतीबद्दल लिहिलं होतं. तिच्यात हरितद्रव्य नाही, म्हणजे ती स्वतः अन्न बनवूच शकत नाही. मुळांवर बुरशी आहे, तर अन्न तिच्यातूनच येत असणार, असा त्याचा तर्क होता.

"हा तर रोग आहे!"

फ्रँकचं म्हणणं लोकांनी डोक्यावर घेतलं असेल असं वाटत असेल तर तसं झालं नाही. काळ बघा. त्याच बर्लिनमध्ये १८८२ साली रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू जगासमोर मांडला होता. आयर्लंडमध्ये बटाट्याच्या करप्याने पडलेला दुष्काळ लोक विसरले नव्हते. डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव म्हणजे मृत्यू, हे त्या पिढीचं सगळ्यात मोठं, आणि बरंचसं खरं, ज्ञान होतं. त्यात हा माणूस म्हणतोय की बुरशी झाडाला जेवण देते?

सगळ्यात वजनदार विरोधकांपैकी एक होता रॉबर्ट हार्टिग, जंगलातल्या झाडांच्या रोगांच्या शास्त्राचा पाया घालणारा माणूस. आडनाव ओळखीचं वाटतंय? हो, त्या जाळीचं चित्र काढणाऱ्या थिओडोरचाच मुलगा. वडिलांनी जे कागदावर उतरवलं, ते मुलाच्या मते परजीवीच होतं. आम्हा कोड लिहिणाऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या तज्ज्ञांनी ते 'बग' म्हणून नोंदवून टाकलं होतं.

मग फ्रँकने वाद घालण्याऐवजी कुंड्या घेतल्या. पाइनच्या जंगलातली माती आणली. अर्धी माती तापवून तिच्यातले जीव मारले, अर्धी तशीच ठेवली. दोन्हीत पाइनची रोपं लावली. ही बुरशी रोग असेल, तर तापवलेल्या स्वच्छ मातीतली रोपं जोमदार यायला हवीत. शिवाय माती तापवली की तिच्यातली काही पोषकद्रव्यं मोकळी होतात, म्हणजे त्या रोपांना थोडा आगाऊ फायदाच होता. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला निकाल आला तो उलटा. तापवलेल्या मातीतली रोपं खुरटली. जिवंत मातीतली, मुळांवर बुरशी असलेली रोपं वाढली.

पुरावा चांगला होता, पण पुरेसा नव्हता. माती तापवली की बुरशीबरोबर बाकीचे हजारो जीवही मरतात. मग फरक नक्की कोणामुळे पडला? आणि समजा झाडाला फायदा होतो, तर बुरशीला काय मिळतं? फ्रँक १९०० मध्ये गेला. ट्रफलची शेती काही त्याच्या हातून उभी राहिली नाही.

ऑर्किडने गोंधळ वाढवला

फ्रँकच्या शेवटच्या वर्षांत फ्रान्समध्ये एक पंचविशीतला मुलगा सैन्यात सक्तीची नोकरी करत होता. नोएल बर्नार. ३ मे १८९९ रोजी फाँतेनब्लोच्या जंगलात त्याला एका ऑर्किडचा जमिनीत गाडला गेलेला देठ सापडला. त्यावरच्या बोंडांत बिया रुजल्या होत्या. ऑर्किड म्हणजे आपल्याकडे पावसाच्या तोंडावर झाडांवर लोंबणारी 'सीतेची वेणी', त्याच कुळातलं. ऑर्किडची बी धुळीच्या कणाएवढी असते, तिच्यात शिदोरी जवळजवळ नसतेच. माळ्यांना ती रुजवता रुजवता नाकी नऊ यायचे. बर्नारला त्या प्रत्येक कोंबात बुरशी दिसली. पुढे त्याने प्रयोगशाळेत दाखवून दिलं, की योग्य बुरशी दिली की बी रुजते. १९११ मध्ये क्षयाने तो गेला, वय अवघं छत्तीस.

१९२२ मध्ये अमेरिकेतल्या लुईस नडसनने आणखी एक गंमत केली. त्याने बुरशीच्या जागी साखर दिली, आणि ऑर्किडची बी रुजली. म्हणजे बुरशी त्या कोवळ्या रोपाला जे देत होती त्यातली मोठी गोष्ट म्हणजे अन्नच. आणि रोपाला तर हिरवं पानही नसतं, ते बदल्यात देणार काय? इथे बुरशी झाडाला लुटत नव्हती. झाडच बुरशीला लुटत होतं! बांडगूळ नक्की कोण, हा प्रश्न आता दोन्ही बाजूंनी विचारावा लागणार होता.

शेवटी हिशोब लागला

हा हिशोब लावायला अणुयुग यावं लागलं. स्वीडनमध्ये उप्सालाच्या एलियास मेलिनने आधी, १९२० च्या दशकात, माती तापवण्यातली ती पळवाट बंद केली. त्याने एकेक बुरशी वेगळी वाढवली, निर्जंतुक पाइनच्या रोपाशी गाठ घालून दिली, आणि बाकी कोणताही जीव नसताना मायकोरायझा तयार करून दाखवला. मग १९५० च्या दशकात त्याने आणि त्याचा सहकारी निल्सनने किरणोत्सारी अणू वापरले. असा अणू म्हणजे खुणेची नोट. ती कोणाच्या खिशातून कोणाच्या खिशात गेली, हे यंत्रावर दिसतं. फक्त बुरशीच्या धाग्यांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला, तो रोपात पोचला. रोपाच्या पानांना किरणोत्सारी कार्बन दिला, त्यातून बनलेली साखर खाली बुरशीत पोचली.

फ्रँकच्या निबंधानंतर साधारण सत्तर वर्षांनी दोन्ही बाजूंची पावती मिळाली. झाड साखर देतं, बुरशी मातीतलं अन्न देते.

हे का परवडतं तेही समजून घेऊ. फॉस्फरस, म्हणजे खताच्या गोणीवरचं स्फुरद, मातीत जवळजवळ हलतच नाही. मूळ आपल्याजवळचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा रिकामा करतं आणि मग उपाशी बसतं. बुरशीचा धागा मुळाहून कितीतरी बारीक असतो. तो त्या रिकाम्या पट्ट्याच्या पलीकडे काही सेंटिमीटर जातो, मूळ शिरणार नाही अशा फटींत शिरतो. जाड मूळ वाढवण्यापेक्षा हे झाडाला स्वस्त पडतं. तरी फुकट नाहीच: पिकांमध्ये झाडाने बनवलेल्या अन्नातला साधारण ४ ते २० टक्के वाटा बुरशीकडे जातो असे अंदाज आहेत.

आणि इथे कोणी कोणावर उपकार करत नाही. २०११ मध्ये टोबी कीर्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की जी बुरशी जास्त फॉस्फरस देते तिला झाड जास्त साखर देतं, आणि बुरशीही उलट तसंच वागते. कामिएन्स्कीची ती फिकट मोनोट्रोपा आठवते? १९६० मध्ये एरिक ब्यॉर्कमनने दाखवलं की ती शेजारच्या झाडांची साखर बुरशीमार्फत ओढते. एकाच व्यवस्थेत इमानदार व्यापारीही आहेत आणि फुकटेही.

शेतातली बुरशी

आतापर्यंत सगळी जंगलाची गोष्ट झाली. आपल्या ज्वारी, तूर, कांदा, द्राक्ष यांच्या मुळांवर ते हातमोज्यासारखं आवरण दिसत नाही. कारण त्यांची बुरशी मुळाच्या पेशींत शिरून आत झाडासारख्या फांद्या फुटलेली रचना करते. मुळं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्याशिवाय पत्ताच लागत नाही. ती फार जुनी आहे. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावाजवळच्या सुमारे ४० कोटी वर्षं जुन्या दगडात तेव्हाच्या छोट्या वनस्पती जशाच्या तशा जपल्या गेल्यात, आणि त्यांच्या पेशींत हीच फांद्यांची रचना १९९४ मध्ये ओळखली गेली. त्या वनस्पतींना खरी मुळंही नव्हती. म्हणजे मूळ यायच्या आधी ही भागीदारी आली होती!

या शेतातल्या बुरशीच्या गोष्टीत इंदूर येतं. होळकरांच्या त्या शहरात आल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात कापसाच्या संशोधन संस्थेचा प्रमुख होता. शेतातला काडीकचरा आणि शेण कुजवून खत करायची त्याची 'इंदूर पद्धत' जगभर गेली. पुढे मायकोरायझाबद्दल कळल्यावर त्याला वाटलं, आपलं कंपोस्ट ज्या पुलावरून पिकात पोचतं तो पूल हाच. १९४० च्या त्याच्या पुस्तकात हा विचार ठळकपणे येतो. दिशा बरोबर होती, पण पिकांच्या बाबतीत तेव्हा कोणाकडे नेमका प्रयोग नव्हता.

तो प्रयोग केला बार्बरा मॉस या संशोधिकेने, इंग्लंडच्या ईस्ट मॉलिंग केंद्रात. १९५३ मध्ये तिने स्ट्रॉबेरीच्या मुळांशी असलेल्या बुरशीच्या बीजाणूंचे पुंजके शोधले, ते स्वच्छ मातीतल्या रोपांना लावून मायकोरायझा करून दाखवला. १९५७ मध्ये सफरचंदाच्या रोपांची वाढ आणि त्यांच्यातली पोषकद्रव्यं तोलून फरक मांडला. दुकानातल्या पाकिटाचा खरा पूर्वज हा. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढवणं आजही अवघड आहे, म्हणून ती ज्वारी-मक्याच्या मुळांवर किंवा प्रयोगशाळेत गाजराच्या मुळांवर वाढवतात. दिल्लीच्या टेरी संस्थेने असं तंत्र आपल्याकडे विकसित केलं.

मग लंबक दुसरीकडे गेला

१९९७ मध्ये कॅनडाच्या सुझान सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी बर्च आणि डग्लस फर या झाडांमध्ये कार्बनची देवाणघेवाण होते, असा निबंध 'नेचर'मध्ये छापला. नियतकालिकाने मुखपृष्ठावर शब्द टाकला: 'वुड वाइड वेब'. जंगलाचं इंटरनेट! पुढचं तुम्हाला माहीत आहे. आई-झाड पिल्लांना जेवण पाठवतं, झाडं एकमेकांना धोक्याचे मेसेज करतात. रील्सवर तुम्ही हे शंभर वेळा पाहिलं असेल.

मी नेटवर्कच्या जवळच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे मला ही उपमा आवडायला हवी. पण २०२३ मध्ये जस्टिन कार्स्ट, मेलनी जोन्स आणि जेसन होक्सेमा यांनी जंगलातले पुरावे एकेक करून तपासले. निष्कर्ष असा, की जाळी असते, पण खऱ्या जंगलात ती किती पसरलेली आहे आणि तिच्यातून रोपांना खरंच फायदा होतो का, याचा पुरावा लोक समजतात त्यापेक्षा खूप कच्चा आहे. आई-झाड आपल्याच पिल्लांना ओळखून देतं, याला तर जंगलातला प्रसिद्ध पुरावाच नाही. यातल्या मेलनी जोन्स १९९७ च्या त्या निबंधाच्या सहलेखिका होत्या. आपल्याच कामाभोवती वाढलेली कथा स्वतः तपासायला बसणं, हे मला या सगळ्या इतिहासातलं फार मोठं काम वाटतं.

एकोणिसाव्या शतकात बुरशी दिसली की रोग. एकविसाव्या शतकात बुरशी दिसली की प्रेम. दोन्ही वेळा आपण आपल्या मनातलं मुळांवर चिकटवलं. फ्रँकने १८७७ मध्ये जे सांगितलं ते आजही लागू आहे: आधी 'एकत्र राहतात' एवढंच म्हणा, मग हिशोब तपासा.

तर, पाकीट घ्यायचं का?

आता त्या श्रोत्याचं उत्तर. इतिहासातलीच एक गोष्ट ऐका. प्वेर्तो रिको बेटावर पाइनची झाडं लावायचे प्रयत्न १९३० पासून फसत होते. रोपं उगवायची, पिवळी पडायची, मरायची. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाहून पाइनच्या जंगलातली माती आणून रोपांना दिली, आणि रोपं वाढायला लागली. त्या बेटावर पाइनची बुरशीच नव्हती!

म्हणजे जिथे बुरशी नाही तिथे ती देण्याने चमत्कार दिसतो. निर्जंतुक केलेल्या माध्यमातली रोपवाटिका, ट्रेमधली कोकोपीटची रोपं, वरची माती खरवडून गेलेली खाणीची जागा, इथे पाकिटाला अर्थ आहे. पण वर्षानुवर्षं पिकं घेतलेल्या जिवंत जमिनीत ही बुरशी बहुतेक वेळा आधीच असते. तिथे बाहेरून टाकलेल्या मायकोरायझाचे निकाल एकसारखे येत नाहीत. वरून स्फुरदाचा मारा चालू असेल, तर झाड बुरशीला साखर द्यायचं कमी करतं. फॉस्फरस दारात फुकट पडलाय, तर भागीदार कशाला पोसायचा? आणि कोबी, फ्लॉवर, मोहरी, मुळा या कुळाच्या पिकांना ही बुरशी सहसा लागतच नाही, पालक-बीटलाही नाही. तिथे पाकीट म्हणजे पैसे मातीत.

असलेली बुरशी टिकवायची तर जमीन उगाच पुन्हा पुन्हा उलटीपालटी करू नका, धागे तुटतात. ती फार काळ ओसाड ठेवू नका, कारण जिवंत मूळ नसेल तर बुरशी उपाशी. आणि घ्यायचंच असेल तर फ्रँकसारखं करा. चार ओळींना टाका, चार ओळींना टाकू नका, बाकी सगळं सारखं ठेवा, आणि काढणीच्या वेळी वजन करा. दुकानदारापेक्षा आणि माझ्यापेक्षाही त्या आठ ओळी जास्त खरं बोलतील.

जाता जाता ट्रफलचं सांगतो. १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये मुळांवर ट्रफलची बुरशी मुद्दाम वाढवलेली रोपं बाजारात आली, आणि त्या झाडांखाली ट्रफल मिळायला लागली. प्रशियाच्या मंत्र्यांचं काम झालं, फक्त नव्वदेक वर्षं उशिरा आणि शेजारच्या देशात.

कोणी आठ ओळींचा प्रयोग केलात तर आकडे नक्की पाठवा, फायदा झाला नसेल तरी. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या!